उसनी सुई

वरच्या फळीवरचं रजिस्टर काढायला मी हात उंचावला आणि माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलं. टेबलावर एकदा आपटून ते खिडकीतून बाहेर गेलं आणि बाहेरच्या बाकाखाली जाऊन पडलं. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांतल्या थोरलीनं वाकून ते उचललं, पदरानं पुसलं, खिडकीच्या फळीवर माझ्यासमोर ठेवलं आणि भाकरी थापून झाल्यावर पीठ झटकतात तसे दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले.

“बरं झालं सापडलं,” मी म्हणालो.

ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. धाकटी म्हणाली, “त्यांना ऐकू येत न्हाई, भाऊसाहेब. बोलताबी येत न्हाई. माझ्या वन्सं हायती.”

याला आता पस्तीस वर्षं झाली. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून होतो. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं यांची नोंद करायची, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवायचा नि कागदावर उमटवायचा, हे माझं काम. पहिली सात वर्षं मी किती अंगठे धरले ते मोजत होतो. अकरा हजार झाले तेव्हा तो नाद सोडला.

दुसरा नाद मात्र सुटला नव्हता. खिडकीत आलेला माणूस कसला दस्त घेऊन आलाय हे मी कागद न बघता ओळखायचो. त्यात जादू काही नव्हती. दोन भाऊ आले आणि आवारातल्या दोन वेगळ्या झाडांखाली बसले, तर वाटणीपत्र. एकाच झाडाखाली बसले, तर दोघं मिळून तिसऱ्याला विकताहेत. म्हातारा मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी पोरं त्याला पाणी विचारताहेत, तर मृत्युपत्र. बाईच्या अंगावर करकरीत नवं लुगडं, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नाहीत, आणि बरोबरचा भाऊ मात्र रोजच्या धोतरात, तर हक्कसोडपत्र. बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडायचा आणि भावानं तिला लुगडंचोळी करायची, ही आमच्याकडची रीत. नुसतं नवं लुगडं काही सांगत नाही, ते लग्नातही नेसतात. शेजारचं जुनं धोतर बघावं लागतं.

त्या दिवशी थोरलीच्या अंगावर हिरवं नवं लुगडं होतं आणि धाकटीच्या अंगावर विटकं. त्यांच्याबरोबरचा पुरुष समोरच्या दस्तलेखकाच्या टपरीत बसून कागद लिहून घेत होता. त्याचं धोतर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

मी बटण खिशात टाकणार, तोच थोरलीनं फळीवर बोटानं टकटक केलं. कमरेची चंची सोडून तिनं हिरवा दोरा ओवलेली सुई काढली. सुई कुणाच्या हातात देत नाहीत, म्हणून ती फळीवर ठेवली, पण वरचं बोट काही उचलेना. दुसरा हात तिनं माझ्याकडे उघडा केला, मग त्याची मूठ मिटून ती स्वतःच्या छातीशी नेली. मी मान हलवली. बोट तिथंच. तिनं पुन्हा हात उघडला, पुन्हा मूठ मागं नेली, माझ्या डोळ्यांत बघितलं. मी पुन्हा मान हलवली तेव्हा कुठं सुई सुटली.

पांढऱ्या सदऱ्यावर हिरव्या दोऱ्यानं मी जे शिवलं त्याला शिवण म्हणणं धाडसाचं होईल. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मग पिशवीतून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून तिनं फळीवर ओतल्या. पक्षकाराकडून काही घेऊ नये असा नियम असल्यामुळं मी अर्ध्या परत सरकवल्या. तिनं त्या पुन्हा माझ्याकडे लोटल्या आणि दोन्ही तळहात जोरात झटकले.

मी धाकटीला म्हणालो, “बाई, बटण दिलं तेव्हा यांनी हात झटकले. शेंगा दिल्या तेव्हाही झटकले. सुई दिली तेव्हा मूठ मागं नेली. हे काय?”

धाकटीचा चेहरा खुलला. तिचं नाव सुंदरा. “तुमच्या लगीच ध्यानात आलं की. आमच्या मालकांच्या इतक्या वर्सांत आलं न्हाई. हात झटकलं म्हंजी दिलं, संपलं, आता तुमचं. मूठ माघारी नेली म्हंजी उसनं. सुई उसनी हाय भाऊसाहेब. परत द्यायची.”

मग तिनं शेंगा सोलता सोलता मला सगळं सांगितलं. थोरलीचं नाव हौसा. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आलेली. सुंदरा पंधराव्या वर्षी त्या घरात सून म्हणून आली तेव्हा सासू जिवंत होती, आणि सुनेचा आवाज चुलीपलीकडे गेलेला तिला खपत नसे. चुलीपुढं दोघी बसायच्या. एकीला बोलता येत नव्हतं आणि एकीला बोलायची मुभा नव्हती. हौसाजवळ तेव्हा सगळ्या दहा-बारा खुणा होत्या. तेवढ्यात सुंदराचं भागेना. मग दोघींनी एकेक खूण फोडून तिच्या दोन केल्या.

“पाऊस हुता, त्याचा झिमझिम येगळा केला आन मुसळधार येगळा केला. राग हुता, त्यातनं रुसवा काढला. आन शेजारनी पीठ न्यायच्या, आणून द्यायच्या न्हाईत, तवा दिल्यातनं उसनं काढाय लागलं.” ती हसली. “आता सासूबाई गेल्या. मला बोलाय कुनाची आडकाठी न्हाई. पर मनातलं मी ह्यांच्याशीच बोलते.”

“आणि तुमच्या मालकांना?”

“त्यास्नी चार खुणा येत्यात. जेवाण, बैल, पानी आन गप.”

“गावात आणखी कुणाला?”

“कुनाला यील, भाऊसाहेब? आमच्या दोघींच्यात झालेलं हाय ते.”

आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे हौसानं ओळखलं. तिनं सुंदराच्या गुडघ्यावर थाप मारून काहीतरी विचारलं. सुंदरानं शेंगेकडे बोट करून उत्तर दिलं. तशी हौसानं खाली वाकून फरशीवर दोनदा हात थापटला, तोच हात छातीवर ठेवला आणि माझ्याकडे अशा तोऱ्यात बघितलं की शेंग माझ्या घशात अडकली.

“शेंगा त्यांच्या रानातल्या हायती, त्ये सांगत्यात,” सुंदरा म्हणाली. बापामागं सातबाऱ्यावर बहीण-भाऊ दोघांची नावं लागली होती. विहिरीलगतचा सव्वा एकर बापानं जिवंतपणी हौसाला दाखवून दिला होता, आणि गेली सतरा वर्षं ती तो एकटी कसत होती. भुईमूग, मिरची, वांगी. आठवड्याच्या बाजाराला पाटी घेऊन जायची. गिऱ्हाईक बोटांनी भाव करायचं, आणि तिला कुणी फसवल्याचं सुंदराला आठवत नव्हतं.

“मग आज ते सोडून द्यायला तयार झाल्या?” मी विचारलं.

सुंदराचे हात शेंगेवर थांबले. ती म्हणाली, “मालकांनी ठरवलंय,” आणि हातातल्या बांगड्या मागं-पुढं करत बसली.

मालक कागद घेऊन आले. तातोबा खराडे. भरघोस मिशा आणि बोलणं अतिशय नम्र. त्यांनी मला दोनदा नमस्कार केला, बहिणीच्या लुगड्याचा पदर नीट करून दिला, बायकोकडे बघितलंही नाही. म्हणाले, दोनच्या आत झालं तर उपकार होतील. कोंबड्यांची शेड घालणारा एक जण त्या विहिरीलगतच्या जमिनीसाठी अडून बसलाय, उद्या बोलणी पक्की करायची आहेत, आणि घरात पोरगी लग्नाची आहे.

मी कागद वाचला. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध कायमचा सोडून दिला आहे.’ हा मजकूर मी रोज चार-चार वेळा उतरवून घ्यायचो. डोळे मिटून लिहिला असता. त्यातल्या ‘कायमचा’पाशी त्या दिवशी थांबलो.

आमचे साहेब, मोकाशी, सरळ माणूस. मुकी-बहिरी बाई म्हटल्यावर त्यांनी दस्त बाजूला ठेवला नाही की घाईनं उरकलाही नाही. ओळख पटवणाऱ्या दोन साक्षीदारांना दाराशी उभं केलं, तातोबांना चार पावलं मागं घेतलं, सुंदराबाईला दुभाषी म्हणून शपथ दिली. मी शाईचा पॅड आणि अंगठ्याचं रजिस्टर घेऊन टेबलाच्या कडेला उभा होतो.

साहेब म्हणाले, “यांना नीट विचारा. वडिलांच्या जमिनीतला तुमचा वाटा तुम्ही भावाला कायमचा सोडून देताय. हे तुम्हाला कबूल आहे का?”

सुंदराबाई हौसाकडे वळली. खाली वाकून फरशी दोनदा थापटली, हौसाच्या छातीला हात लावला. तुझी जमीन. मग ओठावर मिशीला पीळ दिला. हा तातोबा. मग हात पुढं उघडला.

आता ती तळहात झटकणार म्हणून मी बघत होतो. तिनं मूठ मिटली आणि छातीशी नेली.

हौसानं कपाळाला आठ्या घालून काहीतरी विचारलं. सुंदराबाईनं डाव्या मुठीत न दिसणारी ज्वारीची ताटं धरली आणि उजव्या हातानं विळा चालवला. हौसा जरा वेळ विचारात पडली. मग तिनं मान हलवली.

“व्हय म्हणती, सायेब,” सुंदराबाई म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. “एवढं मोठं बोलणं झालं आणि नुसतं हो?”

“त्यांनी इचारलं, पुढं भाऊ सांभाळंल न्हवं. म्या म्हनलं, रानातलं धान घरातच येतंय, सांभाळंल.”

विळ्याचा अर्थ बरोबर बसला. उत्तर इतकं नेटकं होतं की मीसुद्धा क्षणभर फसलो. पण सुंदराबाई साहेबांना उत्तर देत होती आणि बघत होती माझ्याकडे. सकाळी तिनंच मला ते दोन शब्द शिकवले होते.

“साहेब,” मी म्हणालो, “एकदा पुन्हा विचारावं.”

“का?”

“मला वाटतं, ही खूण देऊन टाकण्याची नाही. उसनं देण्याची आहे.”

“तुम्हाला ही भाषा येते, पोतनीस?”

“सकाळपासून दोन शब्द येतात.”

दारातले साक्षीदार हसले. तातोबा हसले नाहीत. हात जोडून अतिशय नम्रपणे म्हणाले, “सायेब, माझी बायको वीस वर्सं तिच्याशी बोलती. भाऊसायबांच्या दोन शब्दांवर ती खोटी पडती का?”

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग मला म्हणाले, “तुम्हीच विचारा. तुमच्या दोन शब्दांत.”

मी रजिस्टर खाली ठेवलं. सरकारी कचेरीत, साहेबांच्या देखत, मी फरशीवर दोनदा हात थापटला. हौसाच्या दिशेनं बोट केलं. मला मिशी नव्हती तरी पीळ दिला. मग दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले, दोनदा, जमेल तितक्या ठळकपणे. जमीन, तुझी, भावाला, दिली, संपली.

हौसा माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे, मग सदऱ्यावरच्या हिरव्या दोऱ्यानं शिवलेल्या बटणाकडे. शब्द बरोबर होते, पण माझ्या हातचे होते. परक्या माणसानं आपल्या घरातलं बोलणं बोलावं, म्हणजे त्यानं काहीतरी वेगळंच म्हटलं असणार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं वळून सुंदराला विचारलं. ज्या माणसाला ती वीस वर्षं सगळं विचारत आली होती, त्यालाच विचारलं. दुसरं होतं कोण?

सुंदराबाईचे हात पदराखाली होते. ते बाहेर यायला वेळ लागला. मग तिनं माझ्याकडे बोट केलं, दोन बोटांनी शेंग फोडल्यासारखं केलं, पोटावरून हात फिरवला.

हौसा खुदकन हसली. पिशवीत हात घालून तिनं तळाला उरलेल्या शेंगा काढल्या, साहेबांच्या टेबलावर, त्या हक्कसोडपत्राशेजारी ओतल्या, माझ्याकडे लोटल्या आणि तळहात झटकले.

“काय म्हणाल्या?” साहेबांनी विचारलं.

“भाऊसाहेबास्नी शेंगा आवडल्या का म्हणत्यात,” सुंदराबाई खाली मान घालून म्हणाली. “आनखी घ्या म्हणत्यात.”

या वेळी सगळे हसले. हौसाही हसत होती, कारण सगळे हसत होते.

साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “पोतनीस, दोन दुभाषे असते तर मी एकाचं दुसऱ्याशी ताडून बघितलं असतं. इथं एकच आहे, आणि ती शपथेवर बोलते आहे. बाई वेडी नाही, अजाण नाही, मान हलवते आहे. तुमच्या संशयावर मी काय शेरा मारू? शेंगांची खूण वेगळी पडली म्हणून?”

मी टेबलावरच्या शेंगा गोळा करू लागलो. तसा मी हजरजबाबी समजला जायचो.

“अंगठा घ्या,” ते म्हणाले.

अंगठा घेणं माझं काम. हौसाचा डावा हात मी हातात घेतला. खुरप्यानं घट्टे पडलेला, नखांत काळी माती. बऱ्याच माणसांचा अंगठा ओढावा लागतो, शरीर नको म्हणत असतं. हिचा हात सैल होता. सकाळचे ओळखीचे आम्ही. शाईवर मी हवा त्यापेक्षा जास्त वेळ धरला, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. पंखा तेवढा आवाज करत होता. अंगठा उमटला तो इतका स्पष्ट की साहेबांनी मान डोलावली. बाहेर जाताना तातोबांनी मला पुन्हा दोनदा नमस्कार केला. बहिणीला त्यांनी इतक्या घाईनं एस्टीकडे नेलं की ती वळून वळून खिडकीकडे काहीतरी दाखवत होती ते कुणी बघितलं नाही. मी बघितलं, पण माझ्या लक्षात आलं ते संध्याकाळी टेबल आवरताना. सुई माझ्याकडेच राहिली होती.

ती मी नोंदवहीच्या पुठ्ठ्यात टोचून ठेवली. हिरवा दोरा बाहेर लोंबत राहिला. कचेरीत सगळे विचारायचे, पोतनीस, ही कसली खूण? मी म्हणायचो, कुणाची तरी ठेव आहे. खेड्याचं नाव मला माहीत होतं, अंतर अडीच कोस. गेलो नाही. आज विचाराल तर चाळीस कारणं सांगेन, आणि तेव्हाची सगळी खरी होती. जाऊन करणार काय, हे त्यातलं पहिलं.

ते दसऱ्याआधी झालं होतं. होळी होऊन गेली. एका सकाळी कचेरी उघडली तेव्हा हौसा बाकावर बसलेली होती, एकटी. अंगावर तेच हिरवं लुगडं, आता धुऊन धुऊन मऊ पडलेलं. पाय धुळीनं भरलेले. चालत आली होती.

मला बघून ती उठली आणि ओळखीचं हसली. खिडकीशी आली. खाली वाकून फरशी दोनदा थापटली, हात छातीवर ठेवला. मग डाव्या मुठीत ताटं धरून विळा चालवला आणि झालं म्हणून हात हलवला. शाळू कापून झाला होता. मग उघडा हात माझ्यापुढं केला, मूठ मिटून छातीशी नेली, आणि थांबली.

उसनी दिलेली जमीन तिला परत हवी होती. मुदत संपली होती. जिथं दिली तिथंच ती मागायला आली होती, माझ्याकडे.

मी न कळल्यासारखं केलं. या वयात कबूल करायला हरकत नाही. मी तिला बसा म्हणून खूण केली, चहा मागवला, रजिस्टर उघडलं, मिटलं. चहाला ती शिवली नाही. लहान पोराला शिकवावं तसं तिनं सगळं पुन्हा सावकाश करून दाखवलं. जमीन. माझी. कापणी झाली. उसनी. आणि पुन्हा थांबली. रागावलेली नव्हती. मी मंद आहे हे तिला पहिल्या भेटीतच कळलं होतं.

तेवढ्यात सुंदराबाई धापा टाकत आवारात आली. तीही चालतच. आमच्यापासून चार हातांवर येऊन थबकली.

“काल ह्यांच्या रानात कोंबडीवाल्यानं दगडी खांब रोवलं,” ती मला म्हणाली. “आज मला कळायच्या आत ह्या निघून आल्या.”

“बरं झालं तुम्ही आलात,” मी म्हणालो. “सांगा यांना.”

“म्या?”

“मग कोण सांगणार?”

“खांब रोवायला लागलं तवा मी सांगाय गेले, भाऊसाहेब. खरं त्ये सगळं सांगाय गेले. त्यांनी माझं हात धरलं आन खाली केलं. बोलूच देईनात.” तिनं आपल्या हातांकडे असं बघितलं, जणू कुणाचे तरी आणून तिला लावले होते. “आदी खरं इचारलं हुतं. घरात. हात झटकून इचारलं हुतं. न्हाई म्हनल्या. मालकांनी दोन दिस कोठीत कोंडलं. तिसऱ्या दिशी मला म्हनलं, तिचा अंगठा आण, न्हाईतर दोघीबी बाहेर. म्या म्हनलं, उसनं म्हनावं, निदान ऱ्हायला घर तरी ऱ्हाईल.” मग म्हणाली, “तुमीच सांगा. आता माझ्या हातचं त्यास्नी काय खरं वाटनार न्हाई. तुमाला येतंय की त्ये.”

मला येत होतं. दोनच शब्द येत होते आणि त्यांतला एक लागणार होता.

हौसा माझ्याकडे बघत होती. सुंदराकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. मी खाली वाकून फरशी थापटली. तिच्याकडे बोट केलं. मिशीला पीळ दिला. मग दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले. एकदाच.

या वेळी तिनं कुणाला विचारलं नाही. माझ्या हातांकडे ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतःचे तळहात समोर धरून हळूच एकमेकांवर फिरवले, झटकले नाहीत, आणि प्रश्न विचारावा तसं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तिच्या भाषेतलं, तिला कळलेलं माझं ते पहिलं वाक्य होतं.

ती रडली नाही. पिशवी उचलायला वाकली तेव्हा मला नोंदवही आठवली. पुठ्ठ्यातून सुई ओढून मी ती फळीवर ठेवली, हातात न देता. हिरव्या दोऱ्याचं टोक फुटलं होतं. हौसानं सुई उचलली. मग पहिल्यांदा ती सुंदराकडे वळली. सुई तिच्या डोळ्यांपुढं धरली. दुसरा हात उघडला, मूठ मिटली आणि छातीशी नेली. सावकाश, नीट दिसेल असं. उसनं म्हणजे हे.

सुंदराबाईनं मान खाली घातली. म्हणजे तेवढं बघून झाल्यावर घातली.

हौसानं सुई चंचीत ठेवली, चंची कमरेला खोचली आणि फाटकाकडे चालू लागली. ती दहा पावलं गेल्यावर सुंदराबाईला काहीतरी सुचलं. तिनं हात वर केला आणि बोटांनी एक खूण केली. ती मला ओळखता आली नाही. मला दोनच येत होत्या. तिनं तीच खूण पुन्हा केली, मग आणखी एकदा, प्रत्येक वेळी मोठी करत.

पण हौसा पाठमोरी होती, आणि पाठमोऱ्या माणसाला त्या भाषेत हाक मारता येत नाही. फाटकाच्या बाहेर ती दिसेनाशी झाली तरी सुंदराबाईचा हात तसाच वर होता.